कॉरियटचा शेवटचा पेला

सुरतेस कोणी पाहुणा गेला आणि त्याला जुन्या गोष्टींची आवड असली, की त्यास कतारगाम रस्त्यावरची टोपीकरांची दफनभूमी दाखवतात. कतारगाम हे एके काळी तटाबाहेरचे खेडे; आज ते महानगरात मिसळून गेले असून हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या कारखान्यांनी गजबजलेले आहे. त्या गजबजाटात घुमट, कमानी आणि खांब असलेल्या मोठमोठ्या कबरी उभ्या आहेत. सर जॉर्ज ऑक्झेंडन हा त्यांतला एक मानकरी. १६६४ च्या जानेवारीत शिवाजीमहाराज सुरतेवर चालून आले तेव्हा आपली वखार नेटाने सांभाळणारा इंग्रजांचा अध्यक्ष तो हाच. १६६९ साली तो सुरतेतच वारला. जवळच डच लोकांच्या दफनभूमीत, मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करणारा व्हान रीड याची कबर आहे; ती १६९१ सालची. व्यापारात एकमेकांशी चढाओढ करणाऱ्या या दोन कंपन्यांनी मरणातही ती सोडली नाही, असे त्या इमारती पाहून वाटते.

परंतु आज ज्याची कथा सांगावयाची तो या मानकऱ्यांत नाही. ऑक्झेंडनच्या आधी बावन्न वर्षे, १६१७ च्या डिसेंबरात, सुरतेस एक इंग्रज वारला. पुढे दहाएक वर्षांनी आलेल्या प्रवाशास त्याच्या कबरीची खूण म्हणून दोन साधे दगड तेवढे दिसले. तो व्यापारी नव्हता, शिपाई नव्हता, पाद्रीही नव्हता. केवळ पाहण्याच्या हौसेने तो घरातून निघाला होता आणि बहुतांशी पायी चालत हिंदुस्थानात आला होता. त्याचे नाव टॉमस कॉरियट. मायदेशाहून आलेल्या मद्याचे काही घोट हे त्याच्या अंताचे निमित्त झाले.

त्या मद्याचे नाव सॅक. शेक्सपिअरची नाटके ज्यांनी वाचली असतील त्यांना जाड्या फॉल्स्टाफने केलेली या मद्याची स्तुती आठवेल. सॅक म्हणजे मुख्यतः आजची शेरी. स्पेनच्या दक्षिणेस हेरेस नावाचे गाव आहे, तेथील पांढऱ्या द्राक्षांपासून ती बनते. हेरेस या नावाचाच इंग्रजी जिभेने शेरी असा उच्चार केला. १५८७ साली ड्रेकने कादिझ बंदरावर छापा घातला, तेव्हा लुटीत या मद्याची सुमारे २९०० पिंपे इंग्लंडात आली असे सांगतात. ते काही असो, कॉरियटच्या तरुणपणी लंडनच्या मद्यगृहांतून सॅकचा पेला हा रसिकांच्या बैठकीचा अविभाज्य भाग झाला होता हे खरे.

मद्याची चव वर्णन करणे हे रागाचे स्वरूप शब्दांनी सांगण्यासारखेच अवघड. तथापि थोडा प्रयत्न केल्यावाचून कॉरियटचा शेवट नीट समजणार नाही. पिंपात मुरलेल्या शेरीस जुन्या काकवीसारखा तांबूस-काळसर रंग चढतो, आणि तिच्या वासात अक्रोड, सुके अंजीर व मनुका यांची आठवण असते. याच शेरीत उन्हात वाळवलेल्या द्राक्षांचे दाट गोड मद्य मिसळून, संत्र्याची साल, दालचिनी, लवंग आणि कडू वनस्पती यांचा अर्क उतरवून हेरेसचे मद्यकार एक तांबडे गोड व्हर्मूथ तयार करतात. व्हर्मूथ हे नाव ज्या कडू वनस्पतीच्या जर्मन नावावरून पडले ती आपल्या दवण्याच्या कुळातली. जोतिबाला वाहिलेला दवणा बोटांत चुरगाळून ज्याने हुंगला असेल, त्याला त्या सुगंधी कडवटपणाची कल्पना चटकन येईल. हे पेय घटाघटा पिण्याचे नव्हे. लहानशा पेल्यात, गार करून, संत्र्याच्या फोडीसह ते सावकाश घ्यावयाचे. पहिल्या घोटाला गोडी लागते, मग मसाल्याची ऊब जाणवते, आणि गिळून झाल्यावर, गाणे थांबले तरी तंबोरा मागे वाजत राहावा, तसा कडवटपणा जिभेच्या मुळाशी रेंगाळतो. कॉरियटचे समकालीन सॅकमध्ये साखर घालून पीत, आणि दालचिनी-सुंठीने वासित केलेले गोड मद्य गाळून मेजवानीच्या शेवटी देत. म्हणजे या रुचीचा पाया त्यांच्या ओळखीचा होता.

कॉरियटचा जन्म १५७७ च्या सुमाराचा. इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात ओडकोम नावाचे लहान खेडे आहे. तेथे त्याचे वडील धर्मोपदेशक होते. विंचेस्टरच्या प्रसिद्ध शाळेत आणि पुढे ऑक्सफर्डला तो शिकला, पण पदवी न घेताच बाहेर पडला. ग्रीक-लॅटिन मात्र त्याला उत्तम येत असे. पहिल्या जेम्स राजाचा थोरला मुलगा हेन्री याच्या पदरी त्याला आश्रय मिळाला. आश्रय मिळाला खरा, पण कोणत्या नात्याने? विद्वान म्हणून नव्हे. जेवणावळीत सर्वांनी ज्याची टर उडवावी आणि ज्याने हसतमुखाने ती सोसून चार शब्द उलट ऐकवावेत, असा तो खुशमस्कऱ्या विदूषक झाला. आपण विद्वान आहोत हे त्याला ठाऊक होते; दरबारला मात्र त्याचे हास्यास्पद रूपच हवे होते. ज्याला गुण आहेत त्याला गंमत म्हणून वागवले जाणे हे दुःख काय असते, ते दरबारी गवयाच्या घरात वाढलेल्यास समजावून सांगावे लागत नाही.

१६०८ च्या मे महिन्यात कॉरियट युरोप पाहावयास निघाला आणि व्हेनिसपर्यंत जाऊन ऑक्टोबरात परतला. पाच महिन्यांत सुमारे दोन हजार मैलांचा प्रवास झाला. त्यातला पुष्कळसा पायी. परत आल्यावर त्याने आपले झिजलेले जोडे ओडकोमच्या चर्चमध्ये टांगून ठेवले. इटलीतले लोक हाताने न खाता काट्याने खातात ही नवलाई त्याने इंग्रजांस सांगितली आणि स्वतः काटा वापरू लागला, तेव्हा त्याचीही थट्टा झाली. या प्रवासात हायडेलबर्ग येथे त्याने एक अजस्र मद्यपिंप पाहिले. शिडी लावून तो त्याच्या माथ्यावर चढला आणि हातात पेला घेऊन उभा राहिला. त्याच्या पुस्तकात तसे चित्रच आहे. परंतु त्या चित्राशेजारी त्याने वाचकांस दिलेला सल्ला फारसा कोणी लक्षात घेत नाही. वर चढलात तर बेताने प्या, यजमान आग्रह करतील त्याला बळी पडू नका, नाहीतर उतरताना डोके गरगरेल, असा त्याचा आशय आहे. हा सल्ला देणारा माणूस मद्यपी नव्हता. त्याची ही बाजू पुढच्या कथेसाठी ध्यानात ठेवावयास हवी.

प्रवासवर्णनाचा त्याचा जाडजूड ग्रंथ १६११ साली निघाला. प्रस्तावनेदाखल पन्नासांहून अधिक कवींची पद्ये त्यात छापली होती. बेन जॉन्सन, जॉन डन अशी बडी नावे त्यांत आहेत, आणि जवळजवळ प्रत्येकाने स्तुतीच्या मिषाने लेखकाची टवाळीच केली आहे. राजपुत्राच्या आज्ञेवरून कॉरियटला ती सगळी छापावी लागली. लंडनच्या ब्रेड स्ट्रीटवरील मर्मेड नावाच्या मद्यगृहात दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी रसिकांची एक मंडळी जमत असे. तिच्यात कॉरियटचीही ऊठबस होती. सॅकचे पेले, विनोद, कोट्या, कविता आणि त्या सर्वांच्या मध्ये चेष्टेचा विषय झालेला, तरीही त्या सहवासाला आसुसलेला कॉरियट, असे ते दृश्य असे. ही बैठक हेच त्याचे खरे घर होते, असे त्याची पत्रे वाचून म्हणावेसे वाटते.

१६१२ च्या ऑक्टोबरात तो पुन्हा निघाला. पुढच्याच महिन्यात त्याचा आश्रयदाता राजपुत्र हेन्री अठराव्या वर्षी वारला. कॉन्स्टँटिनोपल पाहून, ट्रॉयचे म्हणून दाखवले जाणारे अवशेष धुंडाळून तो १६१४ साली जेरुसलेमला पोहोचला आणि तेथील यात्रेकरूंच्या प्रथेप्रमाणे मनगटांवर क्रूस गोंदवून घेतला. अलेप्पोहून एका तांड्याबरोबर इराण, कंदाहार, मुलतान, लाहोर, आग्रा असे करीत १६१५ च्या जुलैत तो अजमेरला आला; जहांगीर बादशहाचा मुक्काम तेव्हा तेथे होता. अलेप्पो ते अजमेर या दहा महिन्यांत त्याने एकूण तीन पौंड खर्च केले, आणि त्यांतलेही दहा शिलिंग ठकांनी लुबाडले असा हिशेब त्याने लिहून ठेवला आहे. कित्येक दिवस तर एका पेनीत तो पोट भरी. असा माणूस मद्यावर पैसा उधळणार कोठून?

वाटेत एक प्रसंग घडला. इराणच्या शहाच्या सेवेतला सर रॉबर्ट शर्ली हा इंग्रज त्याला इराण व हिंदुस्थान यांच्या दरम्यान भेटला. शर्लीच्या सामानात कॉरियटची दोन्ही पुस्तके व्यवस्थित जपून ठेवलेली होती. ती त्याने लेखकास काढून दाखवली. परमुलखातल्या त्या उजाड वाटेवर आपले पुस्तक कोणी वाचले आहे हे पाहून त्याला जो आनंद झाला, तो त्याच्या पत्रातल्या ओळीओळीतून दिसतो. थट्टेवाचून मिळालेली दाद त्याच्या वाट्यास फार थोडी आली.

अजमेरहून त्याने मर्मेडच्या मंडळींना पत्र धाडले. लंडनला १६१६ साली त्याची पत्रे छापून निघाली, तेव्हा मुखपृष्ठावर हत्तीवर बसलेला कॉरियट चितारलेला होता. तुर्की, अरबी, फारसी आणि हिंदुस्थानी या भाषा त्याने आत्मसात केल्या. इंग्रज वकील सर टॉमस रो याच्या घरी एक धोबीण होती. तिच्या तोंडाच्या पट्ट्याला सगळे भीत असत. एके दिवशी कॉरियटने सकाळी तिच्याच भाषेत तिच्याशी सामना आरंभला आणि आठ वाजेपर्यंत तिला निरुत्तर केले, अशी हकीकत रोचा धर्मगुरू एडवर्ड टेरी याने सांगितली आहे. फारसी भाषण पाठ करून तो एकदा जहांगीरच्या झरोक्याखाली जाऊन उभा राहिला. बादशहाचे दर्शन, हत्ती आणि गंगा पाहावयास आपण आलो आहोत, तसेच तैमूरलंगाची कबर पाहण्यासाठी समरकंदला जाण्याचा परवाना मिळावा, असे त्याने मागितले. समरकंदच्या राजाशी सख्य नसल्याने परवाना मिळाला नाही. पण चारी कोपरे बांधून खाली सोडलेल्या चादरीत बादशहाने शंभर रुपये टाकले. परक्या राजापुढे इंग्रजाने हात पसरला म्हणून रो रागावला. कॉरियटनेही त्याला खडसावून उत्तर दिले आणि प्रकरण तेथेच मिटले. हरद्वारपर्यंत तो जाऊन आला. १६१६ च्या ऑक्टोबरात आग्र्याहून त्याने आपल्या आईस लांबलचक पत्र लिहिले.

१६१७ साली बादशहाची छावणी मांडूस पडली आणि रोही तेथे आला. माळव्यातल्या आपल्या मराठी घरांना मांडू काही नवे नाही. मुलांना घेऊन पावसाळ्यात तेथे न गेलेले कुटुंब विरळाच. त्याच पावसाळी धुक्यात, त्याच पडक्या महालांच्या आसऱ्याला, कॉरियट त्या वर्षी टेरीबरोबर एका खोलीत राहत होता. त्याची प्रकृती खालावली होती. एकदा रोसमोर दगडी खांबाला टेकून उभा असता तो मूर्च्छा येऊन कोसळला. शुद्धीवर आल्यावर त्याने मनातली गोष्ट सांगितली: वाटेत कोठेतरी आपण मरून जाऊ, कोणाच्या नकळत पुरले जाऊ, आपले काय झाले हे मित्रांना कधीच कळणार नाही, ही भीती त्याला ग्रासत होती.

त्याच सुमारास इंग्लंडहून आलेल्या एका गृहस्थाने एक वार्ता आणली. कॉरियट आपल्याला भेटल्याचे त्याने जेम्स राजाला सांगितले होते. तेव्हा राजाने, तो मूर्ख अजून जिवंत आहे काय, एवढेच विचारले. हजारो मैल चालून, चार भाषा शिकून, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास पोहोचलेल्या माणसाच्या पदरी आपल्या राजाकडून पडलेली दाद ती एवढीच! कॉरियट खिन्न झाला. राजे लोक गरिबांविषयी वाटेल ते बोलणारच, असे काहीसे बोलून तो गप्प बसला. आणखी एक टोचणी होती. परतीच्या वाटेवर उपयोगी पडावे म्हणून रोने अलेप्पोच्या वकिलास पत्र दिले; त्यात दहा पौंड द्यावेत असे लिहिले होते. पैशांनी तो सुखावला, परंतु पत्रात आपले वर्णन प्रामाणिक पण बिचारा असे केलेले पाहून दुखावला. रोने मग तो मजकूर बदलून दिला. हातातल्या पैशापेक्षा कागदावरचा शब्द ज्याला जास्त लागतो, तो कलावंताच्या जातीचाच म्हणावा लागेल.

रोने त्याला थांबण्याचा आग्रह केला. पण तो निघालाच. मांडूचा घाट उतरून, नर्मदा ओलांडून, आजाराने खंगलेला तो मनुष्य टेरीच्या हिशेबाने तीनशे मैलांवरच्या सुरतेस पोहोचला. पोटात अतिसाराने ठाण मांडलेले होते. तापीचे पात्र उथळ, म्हणून इंग्रजांची मोठी जहाजे सुवाळीला नांगरत. तेथून माल आणि बातम्या वखारीत येत. त्या मालात सॅकही आली होती. वखारीतल्या देशबांधवांनी पाहुण्याचे प्रेमाने स्वागत केले. सॅक आहे असे कानावर पडताच कॉरियट लहान मुलासारखा हरखून गेला. खरोखरच सॅक आहे काय, असे विचारून त्याने ती मागून घेतली.

तो बेतानेच प्याला असावा, असे टेरीने मुद्दाम नमूद केले आहे. कारण टेरीला त्याचे संयमी वळण ठाऊक होते. परंतु बिघडलेल्या आतड्यांना ते घोटही सोसले नाहीत. अतिसार बळावला, शरीरातले पाणी आटत गेले आणि थोड्याच दिवसांत, वयाच्या चाळिशीच्या आसपास, त्याने देह ठेवला. यजमानांना दोष देता येत नाही. जुलाब-हगवणीवर मद्य घातक ठरते हे त्या काळी थोड्यांनाच उमगले असेल. उलट मद्य हे अशक्तांचे टॉनिक समजले जाई. पंगतीत आग्रहाने वाढणारे हात आपल्याकडेही काही कमी नाहीत, आणि त्यांचा हेतू कधीच वाईट नसतो.

मात्र हायडेलबर्गच्या पिंपावर उभा राहून आग्रहापासून सावध राहण्यास सांगणारा कॉरियट सुरतेस कसा फसला, हा प्रश्न उरतोच. मला वाटते, सुरतेस त्याने मद्य मागितले नव्हते. पाच वर्षे त्याच्या जिभेला त्या चवीचा स्पर्श नव्हता. त्या पेल्यात मर्मेडची शुक्रवारची बैठक होती, मित्रांची थट्टा होती, ओडकोमचे चर्च आणि म्हातारी आई होती. आपले पूर्वज देशावरून आणि कोकणातून येथे येऊन स्थायिक झाले, त्यांच्या घरी गावाकडून आमसुलांची पुडी किंवा फणसपोळी आली की वडीलधाऱ्यांच्या चेहऱ्यावर जो उजेड पडे, तो ज्यांनी पाहिला आहे त्यांना कॉरियटची ती हाक कळेल. चवीची ओढ ही पुष्कळ वेळा माणसांची ओढ असते. शेरीची वा व्हर्मूथची रसिकता म्हणजे तरी काय? रंग, वास, गोडी, कडवटपणा यांमागे द्राक्षांचा मळा, ऊन आणि माणसे जाणवणे, हीच. कॉरियटला त्या एका घोटात सगळे गाव जाणवले असेल.

हेरेसच्या मद्यकारांचे ते तांबडे व्हर्मूथ आज सुरतेस उघडपणे मिळणार नाही. गुजरातेत दारूबंदी आहे. चाखून पाहण्याची सोय नाही, पण कॉरियटची आठवण काढण्यास पेल्याची गरजही नाही. त्याच्या भीतीप्रमाणे तो अज्ञात राहिला नाही, हे समाधान आहे. टेरीने १६५५ साली छापलेल्या आपल्या पुस्तकात या मित्राचे चांगले-वाईट सगळे जिव्हाळ्याने लिहिले, त्यामुळे त्याचा शेवट आपल्याला ठाऊक आहे. सुवाळीजवळ राजगरी येथे मुसलमानी घाटणीचे एक घुमटदार थडगे पुढे त्याच्या नावाने ओळखले जाऊ लागले. दोन साध्या दगडांशी त्याचा मेळ बसत नाही, परंतु लोकांनी त्याला एक घुमट बहाल केला एवढे खरे. जेम्स राजाने ज्याला मूर्ख म्हटले त्याचे नाव चार शतके टिकले आहे.

कतारगामला ऑक्झेंडनची उंच कबर पाहावयास गेलात, तर पाहून झाल्यावर क्षणभर पश्चिमेकडे, समुद्राच्या बाजूला तोंड करून उभे राहा. त्याच दिशेने ती जहाजे येत असत, आणि त्याच दिशेला, घरी जाण्याची आस धरलेला एक पायी चालणारा माणूस कायमचा थांबला आहे.